नितंबात चरबी भरल्यानंतर राहिलेले खड्डे, गाठी आणि लाटा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शस्त्रक्रियेला पाच महिने झाले. पोट आणि कमरेतून चरबी काढून दोन्ही नितंबांत प्रत्येकी ४०० मिली भरली. आता डाव्या बाजूला, खालच्या घडीच्या चार बोटं वर, एक खड्डा दिसतो. उजव्या बाजूला बाहेरच्या अंगाला सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागते. तिरका उजेड पडला की मांडीच्या वरच्या भागात कातडी लाटांसारखी दिसते. आणखी २०० मिली लगेच भरून घ्या, सगळं एकसारखं होईल, असा सल्ला तुम्हाला मिळाला आहे.

लगेच नको, आणि २०० मिली तर नकोच. दुसऱ्यांदा चरबी भरणं मुळात वाईट आहे असं नाही. पण खड्डा, गाठ आणि लाटा या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, तिघींची कारणं वेगळी आहेत, आणि त्यातल्या दोन तक्रारी नुसती चरबी भरल्याने वाढू शकतात.

आधी साधं गणित करू. ६ सेंटिमीटर रुंद आणि मध्यभागी १ सेंटिमीटर खोल अशा पसरट वाटीसारख्या खड्ड्यात जेमतेम १५ मिली मावतात. भरलेल्यातली निम्मी चरबी शोषली जाणार असं धरलं तरी ३० मिली पुरतात. मग २०० मिली जाणार कुठे? आजूबाजूला. तिथे आधीच चरबी आहे. तो भाग वर येईल आणि मधला खड्डा आहे त्याहून खोल दिसेल.

चरबी नव्या जागी कशी टिकते हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. शरीरातून ओढून काढलेल्या चरबीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या जागी पहिले दोन-तीन दिवस ती आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरते, त्यानंतर बारीक केशवाहिन्या आत शिरू लागतात. झिरपून येणारा प्राणवायू फार खोल पोचत नाही, त्याची धाव एखाद-दीड मिलिमीटरची. म्हणून चरबी दोऱ्यासारखी पातळ रेघांत घालायची असते. कॅन्युला (चरबी काढायची आणि भरायची नळी) मागे ओढत १० सेंटिमीटरच्या वाटेत १ मिली सोडली तर रेघ साधारण साडेतीन मिलिमीटर जाड होते. तिची बरीचशी चरबी जगते. तेच ५ मिली एका जागी सोडले तर २ सेंटिमीटरहून मोठा गोळा तयार होतो. त्याचा मध्य कुठल्याही रक्तवाहिनीपासून १ सेंटिमीटर दूर राहतो, आणि तो मरतोच. मेलेल्या पेशी फुटून त्यांचं तेल होतं, शरीर त्या तेलाभोवती पातळ पिशवी बांधतं. काही ठिकाणी तेलाऐवजी व्रणासारखी कडक ऊती तयार होते, आणि महिन्या-वर्षांनी तिच्यात कॅल्शियम साचतं. तुमच्या उजव्या बाजूची गाठ यातलीच असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

भरलेल्या चरबीपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ते निम्मी शोषली जाते, आणि दोन्ही बाजूंना सारखी शोषली जाते असं नाही. एका कुशीवर झोपणं, एकाच बाजूवर भार देऊन बसणं, एका बाजूला जास्त रक्त साठलेलं असणं, एवढ्यानेही फरक पडतो. पहिल्या तीन आठवड्यांत दिसतो तो आकार सुजेचा असतो. सहा आठवड्यांनी सूज बरीच उतरते आणि ‘सगळं गेलं’ असं वाटून लोक घाबरतात. तीन ते सहा महिन्यांत आकारमान स्थिर होतं. कडकपणा मात्र त्यानंतरही, वर्षभरापर्यंत, हळूहळू मऊ होत राहतो. म्हणून तुमच्या पाचव्या महिन्यात खड्डा बऱ्यापैकी खरा मानायचा, गाठीचा आणि कडक पट्ट्यांचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. दुरुस्तीची शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या आत करूच नये. कडक भाग असेल तर नऊ ते बारा महिने थांबलेलं बरं. कडक, सुजलेल्या ऊतीत नवी चरबी रुजत नाही आणि कॅन्युला सरळ जात नाही.

आता खड्ड्याकडे. तो कोणत्या जातीचा आहे हे घरच्या घरी बरंचसं कळतं. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, एकच दिवा बाजूला कमरेच्या उंचीवर ठेवा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा आणि कोणाकडून तरी मागून आणि दोन्ही तिरक्या बाजूंनी फोटो काढून घ्या. कॅमेरा नितंबांच्या उंचीवर हवा. वरून काढलेला फोटो खड्डे लपवतो. मग नितंब घट्ट आवळून तेच फोटो पुन्हा काढा. शेवटी पालथं झोपून, स्नायू सैल सोडून एकदा. त्यानंतर खड्ड्याच्या मध्यावरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलून बघा.

आवळल्यावर खड्डा खोल होतो आणि चिमटीत कातडी नीट येत नाही, जणू खालून कोणीतरी धरून ठेवली आहे, असं असेल तर तो बांधलेला खड्डा. कातडीपासून खाली स्नायूवरच्या पांढऱ्या आवरणापर्यंत तंतूंचे पट्टे सगळ्यांनाच असतात. काहींना जन्मतः जाड असतात, काहींना शस्त्रक्रियेच्या व्रणाने नवे तयार होतात. गादीला टाके घातल्यावर टाक्याच्या जागी खळगा पडतो आणि कापूस जास्त भरला की तो खळगा आणखी खोल दिसतो, तसंच हे. बांधलेल्या खड्ड्यात नुसती चरबी भरायला गेलं की ती सोपी वाट धरते, पट्ट्याच्या आजूबाजूला जाते आणि कडा फुगतात. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करूनही ‘पहिल्यापेक्षा वाईट झालं’ असं होतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

आवळल्यावर फारसा फरक नाही आणि चिमटीत कातडी सैल, मऊ येते, तर तिथे चरबी कमी पडली किंवा जास्त शोषली गेली. हा सगळ्यात सोपा खड्डा. तुमचा खड्डा घडीच्या वर चार बोटांवर आहे, म्हणजे बसताना टेकणाऱ्या भागात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यावर दाब आला असेल तर केशवाहिन्या शिरायच्या आधीच चरबी गेली असणार. प्रेशर गारमेंटची (शस्त्रक्रियेनंतर घालायच्या घट्ट पोशाखाची) शिवण किंवा चुरगळलेली घडी एकाच रेषेत दाबत राहिली तरी तशीच खाच पडते. अशी खाच सरळ आणि आडवी असते, खड्ड्यासारखी गोल नसते.

पालथं झोपल्यावर खड्डा जवळजवळ नाहीसा होतो, तर दोष ढिल्या कातडीचा आहे. उभं राहिल्यावर ती खाली ओघळते आणि दुमडते. इथे चरबी भरणं म्हणजे वजन वाढवणं. काही महिन्यांनी ओघळ वाढतो. कातडी खरंच खूप सैल असेल तर ती कापून ताणणं हाच उपाय आणि त्याचा व्रण कायमचा राहतो, हे आधीच कळायला हवं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. नितंबाच्या बाहेरच्या बाजूला, मांडीच्या हाडाचं वरचं टोक हाताला लागतं त्याच्या मागे, बहुतेकांना एक खोलगट भाग असतो. तिथे कातडी खालच्या आवरणाला जन्मतः चिकटलेली असते. तो शस्त्रक्रियेचा दोष नाही. वरचा आणि खालचा भाग भरल्यामुळे तो आता जास्त जाणवतो इतकंच. शस्त्रक्रियेआधीचे फोटो काढून शेजारी ठेवा. निम्म्या शंका तिथेच मिटतात. माकडहाड, कंबर किंवा कण्याचा थोडा तिरकेपणा असेल तर दोन्ही बाजू कधीच एकसारख्या नव्हत्या, तेही त्याच फोटोंत दिसतं.

गाठीसाठी सोनोग्राफी आत्ताच करून घ्या, थांबू नका. कातडीजवळचं बारीक दाखवणारा सपाट प्रोब (कातडीवर फिरवायचं यंत्राचं टोक) हवा. पोटाच्या सोनोग्राफीचा वक्र प्रोब इथे कामाचा नाही. रिपोर्टमध्ये पाच गोष्टी मागून घ्या: गाठ कातडीपासून किती खोल आहे, किती मोठी आहे, आत द्रव आहे की घन भाग, भोवतालची भिंत जाड आहे का आणि कॅल्शियम दिसतं का, आणि ती स्नायूच्या आवरणाच्या वर आहे की खाली. सोबत खड्ड्याखालच्या चरबीच्या थराची जाडी आणि दुसऱ्या बाजूच्या नेमक्या त्याच जागेची जाडी, प्रोब न दाबता मोजायला सांगा. हा फरक मिलिमीटरमध्ये हातात आला की किती भरायचं याचा वाद उरत नाही.

आत स्वच्छ तेल असेल आणि भिंत पातळ असेल तर ती तेलाची गाठ. १ सेंटिमीटरच्या आतली आणि न दुखणारी असेल तर तशीच राहू द्यावी. मोठी असेल तर सोनोग्राफीत बघत जाड सुईने तेल ओढून काढता येतं. तेल घट्ट असतं, बारीक सुईतून येत नाही. भिंत आत राहते म्हणून पुन्हा भरू शकते. दोन-तीनदा काढूनही भरली तर भिंतीसकट काढण्याचा विचार करायचा. घन, कडक आणि कॅल्शियम साचलेली गाठ विरघळत नाही. दिसत किंवा टोचत असेल तर छोट्या छेदातून काढावी लागते आणि काढल्यावर तिथे खड्डा राहतो, त्याची भरणी वेगळी ठरवावी लागते. जोरात मालिश करून गाठ ‘फोडायचा’ प्रयत्न करू नका. भिंत फुटून तेल पसरलं की सूज येते आणि एका गाठीच्या जागी कडक चकती तयार होते.

गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याचा सल्ला मिळाला तर दोनदा विचार करा. ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे नेहमी वापरलं जाणारं स्टेरॉइड कडक व्रण मऊ करतं खरं, पण आजूबाजूची जिवंत चरबीही पातळ करतं आणि वरची कातडी पांढुरकी पडू शकते. डोस थोडा, पातळ आणि नेमका गाठीच्या आतच गेला तर ठीक, नाहीतर नवा खड्डा तयार होतो.

एक शक्यता मात्र कधीही दुर्लक्षित करू नका. गाठ महिन्यांनी नव्याने उठली, वरची कातडी जांभळट-लाल झाली, दुखू लागली, नळी घातलेल्या छिद्राच्या जागेतून पाणी येऊ लागलं, तर संसर्ग आधी नाकारायचा. क्षयरोगाच्या जंतूंच्या जातकुळीतले, पण क्षय न करणारे, काही मायकोबॅक्टेरिया नीट निर्जंतुक न झालेल्या उपकरणांतून किंवा पाण्यातून शिरतात आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोकं वर काढतात. पूची नेहमीची तपासणी यात बहुतेक वेळा निर्दोष येते. मायकोबॅक्टेरियाचं वेगळं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) लिहून मागावं लागतं, आणि उपचार एकाहून जास्त औषधांनी कित्येक महिने चालतात. हे नाकारल्याशिवाय ना स्टेरॉइड, ना नवी चरबी. आणि भरलेला पदार्थ तुमचीच चरबी होती याची खात्री करून घ्या. सिलिकॉन किंवा अ‍ॅक्रिलिकचा द्राव असेल तर इथे लिहिलेली दुरुस्ती लागू होत नाही. त्या ऊतीत सुई फिरवणंसुद्धा धोक्याचं.

लाटांचं उत्तर बहुतेक वेळा भरलेल्या जागेत नसतं, काढलेल्या जागेत असतं. चरबी ओढताना कातडीखाली ५ ते १० मिलिमीटरचा थर शिल्लक ठेवायचा असतो. कॅन्युलाचं छिद्र कातडीच्या बाजूला वळलं किंवा एकाच वाटेने पुन्हापुन्हा ओढलं तर तिथली कातडी आवरणाला चिकटते आणि पन्हळ तयार होते. अशा पन्हळी ओळखायला सोप्या असतात: छेदाच्या छोट्या व्रणापासून पंख्याच्या काड्यांसारख्या त्या पसरत जातात. बोट फिरवलं की उंच-सखल लागतं. घडीच्या लगेच खालचा, केळ्यासारखा दिसणारा चरबीचा पट्टा काढला असेल तर आणखी वाईट. तो पट्टा नितंबाला खालून आधार देतो. तो रिकामा झाला की नितंब खाली सरकतो आणि एकाखाली एक अशा दोन घड्या दिसतात. ‘मांडीच्या वरच्या भागात लाटा’ असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून तिथून चरबी काढली होती का हे आधी बघा.

ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या. ती तुमची आहे. कुठून किती काढली, प्रत्येक बाजूला किती भरली, कोणत्या थरात, किती जाडीच्या कॅन्युलाने, हे त्यात असायला हवं.

दुरुस्ती कशी होते ते आता. बांधलेल्या खड्ड्यात आधी पट्टे सोडवावे लागतात, याला सबसिजन म्हणतात. जागा बधिर करून, रक्तवाहिन्या आकसवणारं औषध टोचून, दोन-तीन बारीक छिद्रांतून सुई किंवा दुभंग टोकाचं हत्यार आडवं फिरवतात. पट्टा तुटताना करकर हाताला जाणवते. जे ओढून धरत आहेत तेवढेच तोडायचे. सगळा भाग मोकळा केला तर आत पोकळी तयार होते. तिथे पाणी साठतं किंवा चरबीचं तळं होतं, आणि तळ्याचा मध्य मरतो हे वर आलंच आहे. मग त्याच बैठकीत थोडी चरबी, उलटसुलट दिशांच्या बारीक रेघांत, ताण जाणवेपर्यंतच. कातडी फिकी पडू लागली किंवा कडक लागली की थांबायचं. थोडं कमी भरून सहा महिन्यांनी पुन्हा थोडं भरणं चालतं. जास्त भरलेलं परत काढणं त्याहून अवघड असतं.

पन्हळीत आजूबाजूचे उंचवटे आधी सपाट करायचे, चिकटलेली कातडी सोडवायची आणि शेवटी अगदी थोडी चरबी मध्ये सोडायची. कातडीच्या अगदी खाली भरलेली चरबी मण्यांसारखी दिसते, म्हणून वरवरच्या थरात हात फार हलका लागतो. लाटा पूर्ण जातील असं वचन कोणी दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. निम्म्याहून जास्त सुधारणा झाली तरी ती चांगली मानतात.

शस्त्रक्रियेशिवायचे मार्ग मर्यादित आहेत. पॉली-एल-लॅक्टिक आम्लाची (कातडीखाली नवं कोलॅजन तयार करवणारी) इंजेक्शनं उथळ आणि न बांधलेल्या खळग्यांत, बऱ्याच बैठकींनी काही फरक पाडतात. नीट पातळ करून पसरवली नाहीत तर तीच गाठी देतात. हायल्युरोनिक फिलर (टोचून भरायचा जेल) छोट्या खळग्याला चालतो, पण टिकत नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीने (रेडिओ लहरींच्या उष्णतेने) कातडी थोडी आवळते, खड्डा भरत नाही. नव्याने भरलेल्या चरबीवर निदान सहा महिने उष्णता नको. क्रीमने काहीच होत नाही.

दुसऱ्यांदा चरबी भरायची ठरली तर सुरक्षिततेबाबत जराही तडजोड नको, मग भरायची असोत ३० मिली. स्नायूच्या आत आणि खाली मोठ्या शिरा आहेत. त्या फाटून चरबी आत खेचली गेली तर ती हृदयातून फुफ्फुसात जाते आणि माणूस टेबलावरच दगावू शकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात मृत्यूचं प्रमाण सुमारे ३,००० शस्त्रक्रियांत एक इतकं धरलं गेलं. २०१८ मध्ये वेगवेगळ्या संघटनांच्या संयुक्त कृतिगटाने सूचना दिली: चरबी फक्त कातडीखालच्या थरात, स्नायूत कधीच नाही, नळी जाड आणि न वाकणारी, तिचं टोक खाली स्नायूच्या दिशेला झुकवायचं नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २०२३ मध्ये चरबी भरताना सोनोग्राफीने बघणं कायद्यानेच बंधनकारक केलं. दुसऱ्या शस्त्रक्रियेत तर सोनोग्राफी अधिकच हवी, कारण आतला व्रण नळीला ढकलून वाट चुकवतो आणि नुसत्या हाताला थर कळत नाहीत. शल्यचिकित्सकांना सरळ विचारा: भरताना नळीचं टोक पडद्यावर दिसत असणार का? उत्तर गोलमोल आलं तर तिथे करू नका.

तोवर वजन दोन-तीन किलोच्या फरकाच्या आत स्थिर ठेवा. भरलेली चरबी शरीरातल्या इतर चरबीसारखीच कमी-जास्त होते. वजन उतरवणारी इंजेक्शनं चालू असतील तर वजन थांबेपर्यंत आकार ठरवता येणार नाही, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती आधीच सांगायची. तंबाखू आणि सिगारेट शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. शस्त्रक्रियेनंतरचे दोन आठवडे नितंबावर अजिबात बसायचं नाही. पुढे सहा ते आठ आठवडे उशी मांड्यांखाली घेऊन, थोडा वेळच. गारमेंट नितंबावर मोकळं हवं आणि दिवसातून दोनदा काढून घड्या सरळ करायच्या.

दर चार आठवड्यांनी त्याच दिव्यात, त्याच जागी फोटो काढत राहा. आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी खुणा उभं राहूनच करून घ्या. पालथं झोपलं की निम्मे खड्डे दिसेनासे होतात. खड्ड्याची कड एका रंगाने, उंचवट्याची दुसऱ्या रंगाने, आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी किती मिली भरायचे तो आकडा कातडीवर लिहिलेला हवा. भूल देण्याआधी दोन आरसे धरून त्या खुणा तुम्ही स्वतः बघा. ज्या खड्ड्याने तुम्हाला त्रास होतो त्याभोवती रेघ नसेल, तर तेव्हाच बोट ठेवून दाखवा.